काचेपलीकडचा हेक्टर

क्लॅरीने दाढीचा मग बेसिनवरच्या आरशावर फेकून मारला, त्याच दिवशी नायरीने घरातले सगळे आरसे झाकून टाकले. आईच्या कपाटाच्या दारावर चादर आली. बैठकीतला लांबट आरसा उलटा होऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं, की नुसते आरसे झाकून भागत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या या ब्लफ गावात जून-जुलैच्या हिवाळ्यात पाच वाजताच अंधार पडतो, आणि बाहेर अंधार पडला की खिडकीची काचसुद्धा आरसाच होते. मग तिने नियम घातला. आधी पडदे ओढायचे, मग दिवे लावायचे.

"कोण आहे तो म्हातारा?" क्लॅरी ओरडायचा. "माझ्या घरात घुसतो, माझाच स्वेटर घालतो, आणि जाब विचारला की तोंडातल्या तोंडात माझी नक्कल करतो!"

"कुणी नाही डॅड. गेला तो."

"गेला नाही. चादरीमागे लपलाय. मला काय खुळा समजतेस, बाई?"

बाई. मुलीचं नाव त्याच्या डोक्यातून कधीच निघून गेलं होतं. कधी तिला तो नर्स समजायचा, कधी चर्चमधून जेवण घेऊन आलेली कुणीतरी. आयुष्यभर फोवो सामुद्रधुनीत कालवांची बोट चालवलेला माणूस. धुकं असो, पाऊस असो, त्याला खडक कुठे आहे ते नुसत्या लाटेच्या आवाजावरून कळायचं म्हणे. आता स्वयंपाकघरातून संडासापर्यंतची वाट त्याला दाखवावी लागत होती.

नायरी वेलिंग्टनहून आईच्या मातीला आली, ती परत गेलीच नाही. पन्नाशी उलटलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, हातांवर काचेने कापल्याचे व्रण. तिचं काम म्हणजे उघड्यावर मांडायच्या काचेच्या आणि प्रकाशाच्या वस्तू. बागेत, चौकात, समुद्रकिनारी. लोकांनी त्यात डोकवायचं, हात घालायचा, दिवे फिरवायचे, आणि आपले डोळे आपल्याला कसे फसवतात ते बघून हसायचं. त्या वर्षी नगरपालिकेने तिला ऐन हिवाळ्यातल्या जत्रेसाठी किनाऱ्यावर अशी एक प्रकाशवाट करायला सांगितली होती. घरातले आरसे झाकायचे आणि बोटीच्या जुन्या शेडमध्ये जाऊन दिवसभर आरसेच घासायचे, असा तिचा संसार चालला होता.

ती शेडमध्ये असली की शेजारची मेरेआना क्लॅरीजवळ बसायची. मेरेआना पंचाहत्तरी उलटलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली, अंगाने भक्कम आणि जिभेने त्याहून. क्लॅरीला ती स्किपर, म्हणजे कप्तान, म्हणायची.

"स्किपर, सूप पी. नाहीतर नाक दाबून पाजीन."

"तू फार आगाऊ बाई आहेस."

"लग्नाआधी तूच मला नाचायला बोलावलं होतंस. तेव्हा नव्हते का आगाऊ?"

क्लॅरी हसायचा. त्याला आठवायचं काही नाही, पण आपल्याला कुणीतरी चिडवतंय हे कळायचं, आणि ते त्याला आवडायचं.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मेरेआनाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून नायरी त्याला शेडमध्ये घेऊन आली. शेडमध्ये तेव्हा एकच वस्तू पुरी झालेली होती. लाकडी खोकं, टेलिफोनच्या जुन्या बूथएवढं, मधोमध एक काच. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टूल, एकेक दिवा, आणि दिवा कमीजास्त करायचं एकेक बटण. ही काच अर्धा आरसा होती. आपल्या बाजूचा दिवा मोठा केला की तीत आपला चेहरा दिसायचा. पलीकडचा दिवा मोठा झाला की पलीकडचा माणूस दिसायचा. आणि दोन्ही सारखे केले, की दोघांचे चेहरे एकात एक मिसळून तिसराच कुणीतरी आपल्याकडे बघायचा.

शेडमध्ये गारठा होता आणि बसायला दुसरं काही नव्हतं. नायरीने बापाला खोक्यातल्या स्टुलावर बसवलं, खांद्यावर घोंगडी टाकली, ऊब यावी म्हणून दिवा लावला आणि ती चहा ओतायला वळली. आपण काय केलं ते तिला पाठ फिरवल्यावर कळलं. आता हा काच फोडणार.

पण आवाज आला तो वेगळाच. हलका, विचारणारा.

"हेक्टर?"

ती सावकाश वळली. क्लॅरी काचेजवळ वाकला होता. दिवा पिवळा, मंद, कंदिलासारखा; आणि ही काच निम्मा उजेड पलीकडे जाऊ देणारी, त्यामुळे तीत चेहरा पुसट दिसत होता. सुरकुत्या नव्हत्या. डोळ्यांखालच्या पिशव्या नव्हत्या.

"हेक्टर, अरे कुठे होतास इतके दिवस? केवढं शोधलं तुला!"

हेक्टर म्हणजे क्लॅरीचा धाकटा भाऊ. नायरीच्या जन्माआधी बोट उलटून गेला. प्रेत मिळालं नाही. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. नायरीला तो माहीत होता तो धक्क्यावरच्या दगडावर कोरलेल्या नावांपैकी एक म्हणून.

मेरेआना अर्धा गाल सुजवून परत आली, तेव्हा नायरीने तिला सगळं सांगितलं.

"भांग," मेरेआना म्हणाली. "दोघं अगदी एकाच साच्यातले होते. फरक एवढाच की क्लॅरीचा भांग डावीकडे आणि हेक्टरचा उजवीकडे. आम्ही पोरी भांग बघूनच ओळखायचो, कोण नाचायला बोलावतोय ते. आरशात बघितलं की तुझ्या बापाचा भांग उजवीकडे जातो ना? मग कोण दिसणार त्याला?"

त्या दिवसापासून क्लॅरीने एकच धोशा लावला. सकाळी उठला की मेणकापडी कोट चढवायचा आणि दाराशी उभा राहायचा. "हेक्टरकडे जायचंय." नायरीलाही बरं वाटलं. ती एकीकडे काचा कापत असायची आणि तो खोक्यात बसून भावाशी गप्पा मारायचा. कालवं यंदा बारीक निघतायत. आईचा गुडघा दुखतोय. मॅककेच्या बोटीचं इंजिन पुन्हा बिघडलं. साठ वर्षांपूर्वीचं ब्लफ तो त्या काचेत ओतत होता.

पण आठवडाभराने त्याचा चेहरा उतरला. जेवेना. रात्री अंथरुणात बसून राहू लागला.

"बोलत नाही," तो मेरेआनाला म्हणाला. "मी बोललो की तोही तोंड हलवतो, पण आवाज नाही. रागावलाय माझ्यावर. मी त्याला वर ओढायला हवं होतं."

"पाण्यात कुणी कुणाला ओढू शकत नव्हतं, स्किपर. सगळ्या गावाला माहीत आहे."

"त्याला माहीत नाही ना," क्लॅरी म्हणाला आणि रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तो काचेपुढे नुसता बसून होता. "एकदा बोल रे," म्हणत होता. "शिवी दे हवी तर."

नायरीने हातातला कापडाचा बोळा खाली ठेवला. ती खोक्याच्या मागून वळसा घालून गेली आणि पलीकडच्या स्टुलावर बसली. तिच्या बाजूचा दिवा बंद होता, त्यामुळे तो तिला बघू शकत नव्हता. ती मात्र त्याला लख्ख बघत होती, हातभर अंतरावरून. थंडीने तिचा घसा बसला होता, आवाज जाड येत होता.

"क्लॅरी," ती म्हणाली.

म्हातारा दचकला नाही. त्याचे डोळे भरून आले आणि चेहरा उजळला. ते डोळे सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते. कितीतरी महिन्यांत त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. खरं तर आताही बघत नव्हता.

"रागावलायस?"

"नाही रे. कशाला रागावू?"

"फार गार होतं का पाणी?"

"थोडा वेळ. मग काही कळलं नाही."

"बरं झालं," क्लॅरी म्हणाला. "मला तेच वाटायचं. बरं झालं." त्याने बाहीने नाक पुसलं. "आईने चीज रोल केलेत. येतोस?"

"येईन नंतर. तू जा, जेवून घे."

त्या रात्री तो दोनदा वाढून घेऊन जेवला आणि सकाळपर्यंत झोपला. नायरीही झोपली.

मग ते रोजचंच झालं. रोज थोडा वेळ नायरी काचेपलीकडे हेक्टर व्हायची. हेक्टर सांगेल ते क्लॅरी ऐकायचा. हेक्टरने सांगितलं की गोळ्या घ्यायचा, आंघोळ करायचा, नखं कापू द्यायचा. एकदा तिच्या मनात काय आलं कोण जाणे, बोलता बोलता तिने आपल्या बाजूचं बटण हळूच थोडं फिरवलं. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यात विरघळत पुढे आला. तिला वाटलं, कुठेतरी, कोपऱ्यात, हा मला ओळखेल.

क्लॅरी निरखून बघत राहिला. "हेक्टर," तो म्हणाला, "तू बायकी दिसायला लागलास लेका. केस काप."

तिने बटण मागे फिरवलं. हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला तो तिने तोंडावर हात दाबून गिळला.

मेरेआनाला हे पसंत नव्हतं. तिने ते लपवलंही नाही.

"म्हाताऱ्या माणसाला थाप मारणं मला समजतं," ती भांडी विसळताना म्हणाली. "मी नाही का रोज मारत? सूप केलंय म्हणते आणि डबा फोडते. पण तू मेलेल्याच्या तोंडाने बोलतेस, पोरी. हेक्टर तिथे पाण्यात आहे. त्याला विचारलंस का?"

"आँटी, तो जेवतोय. झोपतोय."

"हो, दिसतंय मला."

"मग मी काय करू? खोकं उचलून नेलं की तो पुन्हा मग फेकणार. मग त्याला कुठल्या तरी वृद्धाश्रमात नेऊन बांधून ठेवायचं?"

मेरेआनाने नळ बंद केला. "मी काही बोलले नाही," ती म्हणाली. ती असं म्हणाली की समजायचं, बोलून झालं आहे.

जत्रा सुरू झाली तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता. तरी सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. जमिनीवर तिरका टाकलेला मोठा गोल आरसा होता, त्यावर उभं राहिलं की पायाखाली आभाळ. पांढरी भिंत होती, तिच्यापुढे लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. भिंतीवर आपल्या सावल्या रंगीत पडायच्या, आणि त्यात पोरं नाचत होती. पण सगळ्यात लांब रांग लागली ती खोक्यापुढे. नवराबायको, बहिणीबहिणी, आजी आणि नातू समोरासमोर बसायचे, बटणं फिरवायचे, आणि आतून किंकाळ्या आणि हसणं ऐकू यायचं.

क्लॅरीला मेरेआनाने धरून आणलं. खोक्याजवळ येताच तो थबकला. त्याच्या स्टुलावर एक जाडा माणूस बसला होता.

"ए, उठ तिथून! माझा भाऊ आहे आत!"

लोक हसले. कुणाला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. क्लॅरीने त्या माणसाची कॉलर धरली. नायरी तारांच्या गुंत्यातून धावत आली. एका बाजूला नगरपालिकेचा माणूस तिला रंगीत दिव्यांपैकी एक बंद पडल्याचं सांगत होता, दुसऱ्या बाजूला रांग कुरकुरत होती, आणि तिचा बाप भर गर्दीत थरथरत शिव्या देत होता.

"एक मिनिट," ती लोकांना म्हणाली. "फक्त एक मिनिट द्या." जाड्या माणसाची माफी मागून तिने क्लॅरीला स्टुलावर बसवलं आणि स्वतः पलीकडे जाऊन बसली. दिवा बंद केला.

"हेक्टर! हे कोण लोक? तुला कुठे घेऊन चाललेत?"

"कुठे नाही. शांत हो. घरी जा तू."

"तुझ्याशिवाय नाही जाणार. दरवेळी म्हणतोस नंतर येईन. बोटीवर कधी जायचं आपण? मोसम संपत आला."

बाहेर कुणीतरी खोक्यावर टकटक केलं. "झालं का हो?"

"जाऊ," नायरी म्हणाली. "उद्या सकाळी जाऊ. आता घरी जा, जेव, झोप."

"उद्या नक्की?"

"नक्की."

क्लॅरी लगेच उठला. शहाण्या मुलासारखा मेरेआनाचा हात धरून चालू लागला. नायरीने सुटकेचा श्वास टाकला आणि ती बंद पडलेल्या दिव्याकडे धावली. आपण काय बोललो ते तिला त्या रात्री आठवलंही नाही. घरी आली तेव्हा तो झोपला होता. तिने पांघरूण नीट केलं आणि स्वतः कोटासकट आडवी झाली.

सकाळी तिला थंड हवेने जाग आली. मागचं दार उघडं होतं. अंथरूण रिकामं. मेणकापडी कोट नव्हता, गमबूट नव्हते, आणि ब्रेडच्या पिशवीतले तुकडे ओट्यावर सांडले होते. त्याने स्वतःच्या हाताने डबा भरून घेतला होता. अंगात एवढं बळ कुठून आलं ते देव जाणे.

ती आधी शेडकडे धावली, मग किनाऱ्यावरच्या खोक्याकडे. तिथे कुणी नव्हतं. तेव्हा तिच्या कानात तिचाच बसका आवाज बोलला. उद्या सकाळी जाऊ.

धक्क्यावर पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. कालवांच्या बोटी निघायच्या तयारीत होत्या, आणि एका बोटीवरचे दोघं लोखंडी शिडीवरून कुणाला तरी वर घेत होते. क्लॅरी शिडी उतरून शेवटच्या पायरीवर उभा राहिला होता, छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी लोखंड धरून. किती वेळ, कुणास ठाऊक. त्याची बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

"हाका मारत होता कुणाला तरी," त्यातला एक म्हणाला. "आम्हाला वाटलं, कुत्रा पडला असेल पाण्यात."

जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या इस्पितळात त्याला न्यूमोनिया झाला. डॉक्टर तरुण होती, भली होती. तिने फार आशा दाखवली नाही. मेरेआना खाटेच्या एका बाजूला बसून पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. नायरी दुसऱ्या बाजूला. क्लॅरीचा हात तिच्या हातात होता, मेणासारखा.

संध्याकाळी त्याला थोडी शुद्ध आली. ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"आला नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी म्हणाला होता."

"डॅड—"

"हेक्टर कधी खोटं बोलायचा नाही."

मेरेआनाने वर बघितलं. नायरीला कळलं, की आता या क्षणी एकच वाक्य पुरेल. मान दुसरीकडे करून, तोच जाड आवाज काढून. आलोय मी, क्लॅरी. एवढंच. मेरेआनासुद्धा काही म्हणाली नसती; तिच्या नजरेत तर जवळजवळ विनवणीच होती. नायरीने तोंड उघडलं. आवाज आला तो तिचा स्वतःचा.

"डॅड, ते मी बोलले होते. हेक्टर नव्हता. काचेमागे मी बसायचे. नायरी. तुझी मुलगी. माझं चुकलं."

क्लॅरीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. शांतपणे, सभ्यपणे, जसं आपण बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे बघतो.

"असू दे, बाई," तो म्हणाला. "तुम्ही नका रडू. त्याला उशीर झाला असेल."

त्यानंतर तो बोलला नाही. पहाटे गेला.

मातीला गाव आलं. बोटी त्या दिवशी निघाल्या नाहीत. लोक नायरीचा हात दाबून म्हणत होते, सुटला बिचारा; पाण्याचा माणूस पाण्याकडे गेला. ती मान हलवत होती. कुणाला काही सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तरी त्यांनी तिलाच समजावलं असतं.

जत्रा अजून बाकी होती. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा किनाऱ्यावर उभी राहिली, कारण दिवे लावायला दुसरं कुणी नव्हतं. खोक्यापुढची रांग कमी झाली नव्हती. एक म्हातारं जोडपं बराच वेळ आत बसलं होतं. बाहेर आल्यावर बाई डोळे पुसत नायरीला म्हणाली, "किती छान केलंयस गं हे. आम्ही एकमेकांत मिसळून गेलो." नायरी म्हणाली, "आभारी आहे." आणि पुढच्या माणसाला बटण कसं फिरवायचं ते दाखवू लागली. ती स्वतः मात्र त्या स्टुलावर पुन्हा बसली नाही.

मेरेआना रोज संध्याकाळी जेवण घेऊन यायची. दोघी फारसं बोलत नसत. एकदा नायरी म्हणाली, "आँटी, तू आधीच सांगितलं होतंस."

"हो."

"मग शिव्या का देत नाहीस?"

मेरेआनाने बटाटा मोडून तिच्या ताटात अर्धा सरकवला. "इस्पितळातल्या त्या खोलीत मीसुद्धा तोंड उघडलं होतं," ती म्हणाली. "हेक्टरसारखं बोलायला. माझा आवाज फुटला नाही. तुझा निदान फुटला. खा."

जुलैअखेर जत्रेचं सामान बांधून झालं, तेव्हा डनीडनहून एका बागेच्या माणसाचा फोन आला. त्यांना पुढच्या हिवाळ्यासाठी सगळी प्रकाशवाट हवी होती, मुख्य म्हणजे ते खोकं. त्याचीच सगळीकडे चर्चा आहे म्हणाला.

"बाकीचं सगळं देते," नायरी म्हणाली. "ते नाही."

"का? मोडलं का?"

बाहेर पाऊस वाऱ्यावर आडवा चालला होता. नायरीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही, मोडलं नाही," ती म्हणाली. "चालतंय. पण द्यायचं नाही."

तो माणूस काहीतरी समजावू लागला. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग तिने आभार मानून फोन ठेवला आणि शेडचा दिवा मालवून ती पावसात घराकडे निघाली.